एकशे वीस ग्रॅमची वार

गाडी शिकवणाऱ्या बाईला सहावा महिना लागला तरी पोट काही दिसत नव्हतं, आणि सुरुवातीला तिला याचं कौतुकच वाटत होतं. ड्रायव्हिंग स्कूलमधले शिकाऊ तिला ब्रेकबाई म्हणत. तिच्या सीटपुढे जादाचे ब्रेक आणि क्लच बसवलेले होते. शेजारचा भिंतीवर गाडी घालायला निघाला तरी ती बोलणं न थांबवता हळूच पाय दाबायची. ‘भिंत कुठे जात नाहीये, तुम्ही घाई करू नका,’ एवढंच म्हणायची. सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात तिच्या बॅचेस असत. ऑफिसात फॉर्म भरून घेणारी मुलगी म्हणाली होती, तुमचं मूल फार शिस्तीचं दिसतंय, जागाच अडवत नाही. ब्रेकबाईने हे घरी येऊन नवऱ्याला हसत हसत सांगितलं होतं.

चोविसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत हसणं संपलं. सोनोग्राफी करणाऱ्या बाई आधी गप्पा मारत होत्या. त्यांच्या भाचीला गाडी शिकायची होती. मग त्यांचं बोलणं तुटक होत गेलं. त्यांनी मांडीचं हाड एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. पोटाचा घेर चार वेळा मोजला. शेवटच्या पाळीची तारीख पुन्हा विचारली. ब्रेकबाईने तारीख सांगितली, आणि ती नक्की आहे हेही सांगितलं, कारण लग्नानंतर सहा वर्षं तिने अशा तारखा लिहून ठेवण्यातच काढली होती. बाई ‘बरं’ म्हणाल्या आणि तिच्या पोटावरचं जेल स्वतःच पुसू लागल्या. एरवी त्या नुसता कागद हातात देत. तेव्हाच ब्रेकबाईने ओळखलं की काहीतरी बिघडलंय.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्यालाही आत बोलावून बसवलं. नवरा प्लंबर होता. कामावरून तसाच आला होता, पँटच्या खिशातून पाना बाहेर डोकावत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बाळ जवळजवळ तीन आठवडे मागे आहे. वजन सहाशेच्या पुढे हवं, ते चारशे वीसच्या आसपास दिसतंय. डोकं ठीक आहे, पोट मात्र फारच बारीक आहे. म्हणजे मूल मुळातच लहान चणीचं आहे असं नाही; त्याला मिळायला हवं ते मिळत नाहीये.

ब्रेकबाईने लगेच विचारलं, “मी काय कमी खाल्लं?”

“तुमच्या खाण्याचा प्रश्न नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “प्रश्न वारेचा आहे.”

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. वार गर्भपिशवीला चिकटलेली असते, आईच्या रक्तातलं अन्न आणि प्राणवायू तिच्यातून बाळाकडे जातात. दिवस राहिल्यावर पहिल्या चार-पाच महिन्यांत वार पिशवीच्या रक्तवाहिन्यांत शिरून त्यांना सैल, रुंद करून घेते, म्हणजे भरपूर रक्त संथपणे येत राहतं. इथे ते झालंच नाही. वाहिन्या अरुंदच राहिल्या. रक्त थोडं येतं, ते जोरात येऊन आदळतं, आणि वारेचे तुकडे आतल्या आत मरत जातात. उरलेली वार जेवढं पुरवू शकते, तेवढ्यावर बाळ जगतं.

प्लंबरला हे डॉक्टरीणबाईंच्या अपेक्षेपेक्षा लवकर कळलं. त्याने विचारलं की मेन लाइनच बारीक बसली आहे, असंच ना. त्या हो म्हणाल्या. मग त्याने विचारलं की ती आता मोठी करता येते का, एखाद्या औषधाने, इंजेक्शनने, काहीतरी करून. त्या नाही म्हणाल्या. वार बदलता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. फक्त लक्ष ठेवता येतं, आणि बाळाला आत ठेवण्यापेक्षा बाहेर काढणं कधी बरं, एवढं ठरवता येतं.

“आणि आत्ता बाहेर काढलं तर?”

“आत्ता नाही जगणार,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ब्रेकबाईचा रक्तदाबही चढा निघाला होता. तोही वारेमुळेच, असं त्यांनी सांगितलं. गाडी शिकवणं त्या दिवसापासून बंद झालं. तिने विचारलं की गाडीतल्या हिसक्यांनी असं झालं असेल का, क्लच दाबून, गचके बसून. डॉक्टरीणबाईंनी नाही म्हणून मान हलवली. तुम्हाला दिवस राहिल्याचं कळण्याच्या सुमारासच हे बिघडायला लागलं होतं, तेव्हा तुम्ही पलंगावर पडून राहिला असतात तरी असंच झालं असतं, असं त्या म्हणाल्या. ब्रेकबाईने ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही.

घरी सासूबाई होत्या. हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत हे तिघं राहत. सासूबाईंनी तीस वर्षं लाँड्रीत इस्त्री केली होती, उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता, आणि कुठलीही गोष्ट एका फटक्यात सरळ करायची त्यांना सवय होती. मुलाने वारेबद्दल सांगितलेलं त्यांनी पुरतं ऐकलंच नाही. त्या म्हणाल्या, ही सकाळी साडेपाचला चहावर घराबाहेर पडते, मूल वाढणार कसं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खायला घालायला सुरुवात केली. सकाळी दूध, मग अंडी, मग बदाम, मग पुन्हा दूध. ताट संपेपर्यंत त्या समोर खुर्ची घेऊन बसत.

ब्रेकबाई खायची. खाण्याने काही होणार नाही हे तिने स्वतःच्या कानाने ऐकलं होतं, पण करण्यासारखी दुसरी एकही गोष्ट नव्हती. घास घशाशी अडकला की ती पाण्याबरोबर ढकलायची. ओकारी झाली की तोंड धुऊन पुन्हा ताटावर बसायची. एकदा नवऱ्याने तिच्या हातातून ताट काढून घेतलं, तर तिने ते परत ओढलं आणि दूध दोघांच्या अंगावर सांडलं. मग ती फरशीवरचं दूध पुसत रडत राहिली. नवरा शेजारी बसून दुसरं फडकं फिरवत होता.

दोन आठवड्यांत तिचं वजन तीन किलोने वाढलं आणि पाय सुजले. बाळाचं वजन एकशे चाळीस ग्रॅमने वाढलं. त्या वयाच्या बाळाने अडीचशे-तीनशेने वाढायला हवं होतं.

“मी भरलं,” ती नवऱ्याला म्हणाली, “ते सगळं माझ्यातच राहिलं.”

सत्ताविसाव्या आठवड्यात तिला दवाखान्यात दाखल केलं. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची. कोणी गाडी मागे घेताना चुकीच्या बाजूला स्टिअरिंग फिरवलं की तिचा उजवा पाय चादरीखाली आपोआप दाबला जायचा. पलंगावर एक वही होती, तिच्यात बाळाच्या हालचालींच्या रेघा मारायच्या. आधी तासात दहा-बारा रेघा व्हायच्या. मग सहा. मग एखाद्या दुपारी चारच. चार झाल्या की ती पोटावर बोटाने टकटक करायची. बोलायची नाही, नुसती टकटक. आतून ढकललं गेलं की एक रेघ मारायची, आणि मनात म्हणायची की ही खरी नव्हे, ही मी मागून घेतलेली आहे.

एक दिवसाआड डॉप्लर तपासणी व्हायची. पडद्यावर नाळेतल्या रक्ताचे डोंगर दिसायचे, प्रत्येक ठोक्याला एक डोंगर. दोन डोंगरांच्या मध्ये, हृदय विसावा घेतं तेव्हाही, रक्त पुढे वाहत राहायला हवं. ब्रेकबाईच्या पडद्यावर मधली जागा रिकामी होती. ठोका पडला की रक्त पुढे जायचं आणि मग थांबायचं. प्लंबर प्रत्येक तपासणीला यायचा आणि पडद्याच्या अगदी जवळ उभा राहायचा. तिसऱ्या वेळेपासून त्याला डॉक्टरांनी काही सांगावं लागलं नाही.

मेंदूकडे जाणारी वाहिनी मात्र उघडी होती, गरजेपेक्षा जास्तच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तुमचं बाळ आहे त्यात भागवतंय. जे येतं ते आधी मेंदूला आणि हृदयाला देतं. आतडी, लिव्हर, किडन्या, हातपाय यांचं पोट मारतं. त्याला मेंदू वाचवायचा आहे. पण याची किंमत ते पुढे बराच काळ चुकवत राहील, असंही त्या म्हणाल्या. किडन्या बारीक राहतात. शरीर उपासमारीच्या हिशेबाने जुळतं, आणि मग मोठेपणी भरपूर खायला मिळालं की बिघडतं.

याच दिवशी प्लंबर पहिल्यांदा चिडला. त्याचं म्हणणं होतं की डॉक्टर उगाच पुढचं पुढचं बोलून घाबरवतात. तो स्वतः पुऱ्या दिवसांचा असून पावणेदोन किलोचा जन्मला होता. आईने त्याला कापसात गुंडाळून वाढवला होता, आणि आता तो दोन मजले पाठीवर टाकी घेऊन चढतो. मी झालो ना मोठा, तो म्हणाला, मला कुठे काय झालं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला शांतपणे विचारलं, “तुम्ही कसल्या गोळ्या घेता?”

गोळ्या तो घेत होता. ब्लड प्रेशरची तीन वर्षांपासून आणि साखरेची मागच्या वर्षापासून. वय पस्तीस. अंगाने सडपातळ, दारू नाही, तंबाखू नाही. असं का व्हावं, हे त्याला कोणी कधी समजावून सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नक्की तेच कारण असेल असं मी म्हणणार नाही, घराण्यातही असू शकतं. पण लहान जन्मलेल्यांमध्ये हे जास्त दिसतं, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत ते आधीपासून माहीत असलेलं बरं.

सासूबाई डबा घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं.

डॉक्टरीणबाई खोलीबाहेर पडल्या तेव्हा सासूबाई त्यांच्या मागोमाग गेल्या. जिन्यापाशी त्यांना गाठलं. त्यांनी काय विचारलं ते नंतर त्यांनीच ब्रेकबाईला सांगितलं, पलंगाच्या कडेला बसून, डबा मांडीवर तसाच बंद ठेवून.

त्यांच्या मुलाआधी त्यांना एक मुलगी झाली होती. आठव्या महिन्यात, मेलेली. ओंजळीत मावेल एवढी होती. तेव्हा त्या लाँड्रीत दिवसभर उभ्या राहून इस्त्री करायच्या. त्यांच्या सासूने सगळ्या नातेवाइकांसमोर म्हटलं होतं की हिने पोरीला उपाशी मारलं. त्यांचा नवरा काही बोलला नव्हता, त्यांच्याही बाजूने नाही आणि आईच्याही नाही. त्या मुलीचं नाव ठेवलं नव्हतं. छत्तीस वर्षं घरात त्याचा उल्लेख नव्हता, मुलालाही माहीत नव्हतं. मुलाच्या वेळी त्यांनी पहिल्या दिवसापासून खाऊन खाऊन कळस केला होता, तरी तो पावणेदोन किलोचाच झाला.

“मी त्यांना विचारलं, माझ्या पोरीचंही वारेमुळेच झालं असेल का,” सासूबाई म्हणाल्या. “त्या म्हणाल्या, न बघता सांगता येत नाही, पण तुम्ही सांगता त्यावरून तसंच वाटतं. म्हणाल्या, उभं राहिल्याने मूल मरत नाही.”

मग बराच वेळ त्या डब्याच्या झाकणाची कडी उघडत आणि लावत राहिल्या.

“आणि मी तुला तेच म्हटलं,” त्या म्हणाल्या. “चहावर बाहेर पडतेस म्हणून.”

ब्रेकबाई थोडी सरकली आणि पलंगावर जागा केली. सासूबाई चपला काढून तिच्या पायाशी बसल्या आणि तिचे सुजलेले घोटे चोळू लागल्या. डबा त्या दिवशी उघडलाच नाही. संध्याकाळी प्लंबर कामावरून परत आला तेव्हा त्यांनी त्यालाही सांगितलं, त्याच्याकडे न बघता. तो भिंतीला टेकून उभा राहिला. बहीण होती, एवढंच तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

त्यानंतर सगळ्यात कठीण आठवडा आला. नवजात बाळांच्या विभागाचे डॉक्टर, पिकल्या मिशांचे, हळू बोलणारे, एका दुपारी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी सगळं उघड सांगितलं. आज काढलं तर बाळ साधारण साडेसहाशे ग्रॅमचं असेल. अशी दहा बाळं आली तर आमच्याकडे पाच-सहा घरी जातात. घरी जाणाऱ्यांतल्या काहींना दिसायला, ऐकायला, चालायला, शिकायला अडचणी येतात. आतला प्रत्येक दिवस फुप्फुसांना हवा आहे. पण वार कधी पूर्ण बंद पडेल सांगता येत नाही, आणि ती पडली तर तासाभरात सगळं संपतं. फुप्फुसांसाठी दोन इंजेक्शनं त्यांनी दिली आणि थांबायचं ठरलं.

थांबायचं म्हणजे काय, हे ब्रेकबाईला त्या दिवसांत कळलं. ती कुशीवर पडून राहायची आणि एका हाताने वही धरायची. मूल हललं नाही की वाटायचं, गेलं. हललं की वाटायचं, कशाला हलतोस, शक्ती राखून ठेव. तिला स्वतःच्या शरीराचा राग यायचा. तिचं हृदय धडधडत होतं, जेवण पचत होतं, केस, नखं सगळं वाढत होतं, आणि फक्त एका ठिकाणी ती कमी पडत होती. एकदा तिने नवऱ्याला विचारलं की काढून टाकू या का आत्ताच. तो म्हणाला, एक दिवस थांबू. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, काढू या का, तर ती म्हणाली, एक दिवस थांबू. असं त्यांचं आळीपाळीने चालायचं. एका वेळी एकालाच धीर असायचा.

सहाव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, प्लंबर पडद्याजवळ उभा होता. डोंगर उमटला. मग मधली जागा आली, आणि रेषा खाली गेली, तळाच्या रेघेच्याही खाली.

“हे उलटं चाललंय ना?” तो म्हणाला.

“हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा हात आधीच फोनकडे गेला होता.

बाळाकडून वारेकडे जायचं ते रक्त आत शिरायला जागा न मिळून मागे फिरत होतं. ब्रेकबाईचा रक्तदाबही त्या सकाळी एकशे सत्तरवर गेला होता, आणि तिला डोळ्यांपुढे ठिपके दिसत होते. अर्ध्या तासात तिला ऑपरेशनला नेलं. जाताना तिने वही सासूबाईंच्या हातात दिली. त्या दिवशीच्या पानावर दोन रेघा होत्या.

मुलगी झाली. सहाशे ऐंशी ग्रॅम. ती रडली नाही, मांजरीच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज काढला, तो ब्रेकबाईला पडद्यापलीकडून ऐकू आला. मग कोणीतरी पळत गेलं, चाकांचा आवाज झाला, आणि मग तिच्या आसपास फक्त टाके घालणाऱ्यांची कुजबुज उरली. तिला मुलगी कोणी दाखवली नाही. दाखवायला वेळ नव्हता.

बाहेर सासूबाईंनी एक अजब गोष्ट मागितली. त्या सिस्टरला म्हणाल्या की मला वार बघायची आहे. सिस्टरने आत विचारलं. डॉक्टरीणबाई गाउन न उतरवताच बाहेर आल्या आणि त्यांना बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या. स्टीलच्या भांड्यात ती होती, तपासणीला पाठवायची होती. वजन केलं होतं, एकशे वीस ग्रॅम. या महिन्यात याच्या दुप्पट असते, त्या म्हणाल्या. त्यांनी हातमोज्याच्या बोटाने दाखवलं. लाल, मऊ असायला हवी तिथे पांढुरके, कडक पट्टे होते, निम्म्याहून जास्त भागावर. ते मेलेले तुकडे होते. नाळ दोरीसारखी बारीक होती, तीही मधोमध न लागता एका कडेला लोंबत होती.

सासूबाई वाकून बघत राहिल्या. डॉक्टरीणबाईंना घाई होती, पण त्यांनी घाई केली नाही.

“एवढीशी,” शेवटी सासूबाई म्हणाल्या. “आणि एवढ्याशावर पोर जगली.”

मग काचेमागचे दिवस सुरू झाले. मुलगी पारदर्शक पेटीत होती, नाकात नळ्या, पायाला तारा, अंगावर एक चौकोनी प्लास्टिक. तिची कातडी इतकी पातळ होती की आतल्या शिरा नकाशासारख्या दिसायच्या. मांडी प्लंबरच्या करंगळीएवढी. त्याने पहिल्या दिवशी बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाला की हिच्यापेक्षा माझ्या पिशवीतले नळाचे वायसर मोठे आहेत. म्हणताना त्याचा आवाज फाटला. पण नाव चिकटलं. सगळा विभाग तिला वायसर म्हणू लागला. सिस्टर सकाळी सांगायच्या, काल वायसरने शंभर मिली लघवी केली असं नाही, पण तिच्या मानाने जोरात केली.

दूध दोन तासांनी एक मिली, नळीतून. ब्रेकबाई बाजूच्या खोलीत बसून मशीनने दूध काढायची आणि त्यातला एक थेंबभर भाग मुलीला लागायचा. आतड्यांना पोटात असताना रक्त कमी मिळालं होतं, त्यामुळे ती नाजूक होती. दूध वाढवायचं तेही अर्ध्या-अर्ध्या मिलीने.

बाराव्या दिवशी वायसरचं पोट फुगलं. चकचकीत, निळसर झालं. दूध बंद केलं. पिकल्या मिशांचे डॉक्टर दर चार तासांनी एक्स-रे काढत होते. आतडं फाटलं तर ऑपरेशन, आणि या वजनाची बाळं ऑपरेशनमधून क्वचितच वाचतात, असं त्यांनी सांगितलं. शेजारच्या पेटीत एक मुलगा होता, हिच्यापेक्षा शंभर ग्रॅमने मोठा. त्याची आई शाळेत गणित शिकवायची, ती आणि ब्रेकबाई दूध काढताना शेजारी बसायच्या. त्याच आठवड्यात त्याचंही पोट फुगलं, आणि त्याचं फाटलं. दुपारी त्याची पेटी रिकामी झाली आणि चादर बदलून लगेच दुसऱ्याला दिली. गणिताची बाई जाताना ब्रेकबाईच्या समोर थांबली. तिने आपल्या दुधाच्या बाटल्या फ्रीजमध्ये तशाच ठेवल्या होत्या, कोणाला उपयोग झाला तर बघा म्हणाली. ब्रेकबाई तिच्या गळ्यात पडली नाही. तिला भीती वाटली की हिला हात लावला तर आपलंही जाईल. पुढे कित्येक महिने तिला या भीतीची लाज वाटत राहिली.

वायसरचं पोट नऊ दिवसांनी उतरलं. का, हे कोणी सांगू शकलं नाही. पुन्हा एक मिलीपासून सुरुवात झाली. श्वास घ्यायला विसरणं, मशीनचा आवाज, तळव्याला टिचकी, पुन्हा श्वास, असं चालू राहिलं. शहात्तर दिवसांनी, एक हजार नऊशे ग्रॅमची होऊन, ती घरी आली.

घरी पाठवताना पिकल्या मिशांच्या डॉक्टरांनी सासूबाईंना मुद्दाम समोर बसवलं. त्यांनी सांगितलं की हिला भूक असेल तेवढंच द्यायचं. आईचं दूध, आम्ही सांगू तेवढी पावडर. वजन तक्त्यावरच्या या रेघेबरोबर चढू द्या, पण हिला गुबगुबीत करायला जाऊ नका. जी बाळं पोटात उपाशी राहतात आणि नंतर भराभर भरली जातात, त्यांना पुढे साखर आणि प्रेशर लवकर गाठतं. दरवर्षी रक्तदाब तपासायचा, अगदी शाळेत जायला लागली तरी. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. घरी येऊन बदामाचा डबा त्यांनी खालच्या दुकानदाराला देऊन टाकला. बाकी त्या काही बोलल्या नाहीत, पण शेजारच्या बायका येऊन पोर किती वाळकी, काही खायला घाला म्हणाल्या की त्या दारातूनच त्यांना वाटेला लावत.

वायसर दीड वर्षाची झाली तरी उभी राहत नव्हती. एकवीस महिन्यांनी चालली. डाव्या डोळ्याला चष्मा लागला. ऐकू नीट येत होतं. बोलली उशिरा, पण बोलायला लागल्यावर थांबेना. दुसऱ्या मुलाबद्दल डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पुढच्या वेळी सुरुवातीपासून एक गोळी देऊ, लक्ष ठेवू, पण पुन्हा असं होणारच नाही असं वचन देता येणार नाही. ब्रेकबाई आणि प्लंबर बाहेर पडून चहा प्यायले आणि नको म्हणून ठरवलं. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मी विचारलं होतं का.

वायसर तीन वर्षांची असताना ब्रेकबाई तिला तपासणीला घेऊन गेली. बाहेरच्या बाकावर एक तरुण बाई बसली होती, हातात सोनोग्राफीची पिशवी, पोट जेमतेम. ती बराच वेळ वायसरकडे बघत होती. वायसर बाकाच्या सुटलेल्या रंगाचे पोपडे नखाने काढून ओळीने मांडत होती.

“किती वजनाची होती ही?” त्या बाईने विचारलं. तिला कोणीतरी आतून सांगितलं असावं.

“सहाशे ऐंशी.”

बाईने हिशेब केला असावा, कारण तिचे डोळे भरले. माझं साडेचारशे सांगितलंय, ती म्हणाली. मग तिने विचारलं की तुम्ही काय केलंत, काय खाल्लंत, कुठला देव, कुठलं औषध.

ब्रेकबाईला सगळं ठीक होईल असं म्हणावंसं वाटलं. जिभेवर आलंही होतं. पण तिला शेजारची पेटी दिसली, आणि फ्रीजमधल्या बाटल्या.

“मी काहीच केलं नाही,” ती म्हणाली. “करण्यासारखं काही नव्हतं. तुम्हीही काही केलेलं नाही, एवढं मात्र ऐका. कोणी काही म्हणालं तरी.”

बाई रडू लागली, तोंडावर पदर न घेता, सरळ समोर बघत. ब्रेकबाई या वेळी सरकून तिच्याजवळ बसली आणि तिचा हात धरला. तो गार होता. आतून वायसरचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ब्रेकबाई म्हणाली की दुसऱ्या कोणाला आधी घ्या, आम्ही थांबतो.